कौतुक उघड, दुरुस्ती खासगीत

डॉ. सदाशिवराव गावंडे सरांनी आयुष्यात कपाशीची किती बोंडं फोडून पाहिली असतील, देव जाणे. फेसबुकवर त्यांनी केलेले उपदेश मात्र मला तोंडपाठ आहेत. "संशोधकाचा दिवस सूर्याआधी उगवतो." ही पोस्ट पडली तेव्हा सर घरी घोरत होते. ती अतुलने टाकली होती, कारण सरांचा पासवर्ड अतुलकडे असतो. "रोपासारखे नम्र राहा." ही पोस्ट स्वतः सरांची. ती टाकण्याच्या जरा आधी त्यांनी चहा थंड आणला म्हणून शिपायाच्या बापाचा उद्धार केला होता.

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. मी नसरीन शेख, यवतमाळची. बाभुळगाव रस्त्यावर आमचं कापूस संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे चार खोल्या, एक जीप आणि मागे काळ्या जमिनीचे काही तुकडे. अतुल माझ्याच बरोबरचा विद्यार्थी. पण त्याने संशोधन केव्हाच सोडून दिलं होतं आणि तो पूर्णवेळ सरांची कीर्ती वाढवण्याच्या कामाला लागला होता. ह्या कामात त्याला गती होती, हे मान्य केलं पाहिजे.

सरांनी फेसबुकवर 'हरितगुरू परिवार' नावाचा गट काढला होता. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, प्राध्यापक, बियाण्यांच्या धंद्यातले लोक, निवृत्त अधिकारी, अशी हजारो माणसं त्यात होती. दर बुधवारी तिथे 'मार्गदर्शन बुधवार' साजरा व्हायचा. कुणी नांदेडचा मुलगा विचारायचा, "सर, एमएस्सी झालं, नोकरी नाही, काय करू?" सर उत्तर द्यायचे, "झाडाकडून शिक. झाड कधी तक्रार करतं का?" त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग लागायची. झाडाला घराचं भाडं भरायचं नसतं, असं त्या मुलाला म्हणावंसं वाटलं असेल. पण म्हणायची सोय नव्हती.

सोय का नव्हती? कारण गटाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत नियम होता: कौतुक उघड, दुरुस्ती खासगीत. ऐकायला किती सभ्य! आता ह्या सभ्यतेचा व्यवहार सांगते. सरांनी एकदा बकाणाच्या झाडाचा फोटो टाकून खाली कडुनिंब लिहिलं. ज्यांना चूक दिसली त्यांनी नियमाप्रमाणे सरांना एकट्याला लिहिलं. सरांनी ते उघडलंच नाही, कारण विद्यार्थ्यांचे निरोप ते उघडतच नाहीत. त्यामुळे चूक जागच्या जागी राहिली आणि तिच्याखाली "अप्रतिम सर", "वंदन सर" वाढत गेलं. अमरावतीच्या एका भाबड्या माणसाने उघड लिहिलं, "सर, हे बकाण आहे." दुसऱ्या दिवशी तो माणूस परिवारात नव्हता. बकाण मात्र अजून तिथे कडुनिंब म्हणून उभं आहे, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटात.

मी हे सगळं का सहन करत होते, तेही सांगते. यवतमाळच्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघणार होती. त्यासाठी पीएचडी हवी. आमच्याकडे पीएचडीचा प्रबंध द्यायचा तर आधी एक शोधनिबंध छापून यावा लागतो आणि त्यावर पहिलं नाव आपलं असावं लागतं. पहिलं, दुसरं नाही. माझं सगळं त्या पहिल्या नावावर अडलं होतं. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या तोंडाशी अब्बांचं मोटारींचं गॅरेज आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "माही पोरगी डाक्टर होऊन राह्यली." मग गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मंग माह्या गुडघ्याचं काई पाह्यते का?" अब्बा न डगमगता म्हणायचे, "पराटीचा गुडघा असन तं पाह्यते." पराटी म्हणजे कपाशी. अब्बांच्या, म्हणजे इकबाल मिस्त्रींच्या, ह्या विनोदाला मीच तेवढी चिडायची. बाकी सगळा लोहारा हसायचा.

दोन हजार सतराचा सप्टेंबर. मी महागाव तालुक्यात फुलसावंगीला गेले होते. तिथे खेमसिंग राठोड ह्यांचं शेत माझ्या पाहणीत होतं. विहिरीला पाणी भरपूर, त्यामुळे त्यांनी मेअखेरीलाच कपाशी लावली होती आणि बाकीच्यांच्या आधी त्यांची बोंडं धरली होती. खेमसिंगकाका खाऊनपिऊन सुखी माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी झाडाला लागलेलं एक हिरवं बोंड प्रेमाने कुरवाळलं.

"हे पाहा मॅडम, बोंड कसं टनटनीत हाय. बीटी हाय बीटी. त्यात अळी कायले येईन?"

बोंड खरंच देखणं होतं. छिद्र नाही, डाग नाही. पण गुलाबी बोंडअळीचं हेच तर आहे. ती लहान असताना आत शिरते, मागे छिद्र बुजून जातं आणि बाहेरून पाहणारा खूश राहतो. ती शोधायची एकच रीत, हिरवं बोंड तोडायचं आणि कापायचं. मी खिशातला चाकू काढून ते आडवं कापलं. चार कप्प्यांचं बोंड. त्यातल्या दोन कप्प्यांत सरकी पोखरून गुलाबी अळी आरामात बसली होती.

"याडी!" खेमसिंगकाकांच्या बायको जमनाबाई मागून ओरडल्या. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

काकांनी ते बोंड हातात घेऊन पाहिलं. मग त्यांनी स्वतः दुसरं बोंड तोडून दिलं. त्यातही होती. तिसऱ्यात नव्हती, चौथ्यात होती.

"म्हंजे कंपनीनं बोंबलत सांगतलं, अळी येत नाही, अन् हे आत बसून जेवून राह्यली?" काका म्हणाले.

"काका, कडेच्या ओळीतली नाहीत ना ही?" मी विचारलं. बीटीच्या पाकिटासोबत साध्या वाणाच्या बियांची एक छोटी पुडी येते. ती शेताच्या कडेने पेरायची असते. साध्या कपाशीत अळी सापडली तर त्यात नवल नाही. नवल आहे ते बीटीत सापडण्यात.

"ते पुडी? ते तं माळ्यावरच पडून हाय. साध्या पराटीपायी कोन जागा घालवते?"

म्हणजे ह्या शेतात साधं झाड नव्हतंच. मी गाव, वाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बोंडाशेजारी धरली आणि फोटो काढला. डाव्या हातात कापलेलं बोंड आणि चिठ्ठी, उजव्या हातात मोबाइल. नुकतीच बकरी ईद झाली होती. डाव्या तळव्यावरची मेंदी अजून गडद होती आणि ती फोटोत छान आली होती. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तो बुधवार होता. मला वाटलं, मार्गदर्शन बुधवार, सगळ्या विदर्भातले कापसाचे जाणकार तिथे बसलेले, ह्याहून योग्य जागा कोणती? मी फोटो टाकला आणि लिहिलं, "फुलसावंगीत बीटीच्या हिरव्या बोंडांत गुलाबी अळी. बाहेरून ओळखू येत नाही. आपापल्या भागात बोंडं कापून पाहा. अळी आत बसल्यावर बाहेरून फवारणी करून उपयोग नाही."

खाली एकाने हात जोडले. एकाने लिहिलं, "मेंदी सुंदर." मग पोस्टच गायब झाली आणि सरांचा फोन आला.

"नसरीन, आधी गुरूला दाखवायचं असतं."

"सर, आज मार्गदर्शन बुधवार आहे म्हणून..."

"मार्गदर्शन मी करायचं असतं. आणि गटात नकारात्मकता नको. पुढच्या महिन्यात एका बियाणे कंपनीचे लोक आपल्याकडे व्याख्यानाला येणार आहेत, ते काय म्हणतील?" मग त्यांचा आवाज मायाळू झाला. "तू नवीन आहेस. ते बोंड तू कडेच्या ओळीतलं तोडलं असशील. साध्या वाणाचं. होतं असं मुलांकडून."

"नाही सर. त्या शेतात कडेची ओळ लावलेलीच नाही."

"मग तर संपलंच. नियम न पाळणाऱ्या शेतकऱ्याचं शेत संशोधनाला चालत नाही."

ओळ लावली असती तर बोंड ओळीतलं. नाही लावली तर शेत बाद. मी तरीही म्हणाले, "सर, पण अळी..."

सर चिडले की प्रमाण मराठी सोडतात. "काहून डोकं लावून राह्यली तू? पीएचडी करायची हाय का नाई?"

करायची होती. मी "हो सर" म्हणून फोन ठेवला.

त्याच काळात यवतमाळच्या दवाखान्यात फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन भरती होऊ लागली. डोळे सुजलेले, तोंडाला फेस, हातपाय थरथरणारे. काही जण घरी परत गेलेच नाहीत. माझ्या एका फोटोने कुणी वाचलं असतं, असा माझा दावा नाही. पण माझा जीव जळत होता, आणि त्या आठवड्यात आमच्या परिवारात कोणता विषय चालला होता तेही लोकांना कळू द्या. 'तणावमुक्त संशोधकाची दिनचर्या.' सरांनी लिहिलं होतं, सकाळी तुळशीला पाणी घातल्याने एकाग्रता वाढते. प्रतिसाद उदंड.

दिवाळीनंतर झाकलेलं सगळं उघडं पडलं. बोंडं उमललीच नाहीत. जी उमलली त्यांतला कापूस पिवळा, किडका, कवडीमोल. पेपरांत पहिल्या पानावर बोंडअळी आली. टीव्हीवाले आले. मंत्री बांधावर आले. आणि सरांना एकाएकी आठवलं की आपण गेली कित्येक वर्षं हेच सांगत होतो.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अतुल आधीच बसला होता.

"नसरीन, तुझी ती सप्टेंबरपासूनची निरीक्षणं आण. आपण शोधनिबंध करू. फेब्रुवारीत नागपूरला राष्ट्रीय परिषद आहे, तिथे सादर करू. मग छापून येईल."

मी लगेच खुर्ची पुढे ओढली. "सर, पहिलं नाव..."

"माझं. त्याशिवाय वजन येत नाही. निरीक्षणं तुझी, दृष्टी माझी."

"मग दुसरं?"

सरांनी अतुलकडे पाहिलं. "दुसरं अतुलचं. त्यानं गटात खूप जनजागृती केली आहे. तुझं तिसरं. पुढच्या वेळी तुला पहिलं देऊ. झाडाला फळ येतंच, फक्त वाट पाहावी लागते."

मी तीन महिने फुलसावंगी ते बाभुळगाव उन्हातान्हात बोंडं कापत फिरले होते. ज्याला बोंडअळी आणि शेंगअळी समोर ठेवली तर ओळखू येणार नाही, त्याचं नाव माझ्या आधी येणार होतं. का, तर त्याने माझीच पोस्ट काढून टाकली म्हणून! ह्याला म्हणतात जनजागृती. मी रडले नाही. रडू येण्याइतकं दुःख झालंच नाही, सगळा राग होता.

मग माझा फोटो पडद्यावर आला. सरांनी तो न्याहाळला आणि नाक मुरडलं.

"हा हात चालणार नाही."

"का सर?"

"मेंदी. राष्ट्रीय परिषद आहे. व्यावसायिक दिसायला हवं. शिवाय मी मंचावर उभा राहून मेंदीचा हात दाखवू का?" अतुल खो खो हसला. "आपण नवा फोटो काढू. माझ्या हातात बोंड. लोकांना कळू दे, मार्गदर्शक मातीत उतरतो."

मार्गदर्शक मातीत कसा उतरला ते मी खिडकीतून पाहिलं. बीटीचे तुकडे केंद्राच्या पार मागे होते आणि तिथे ओलिताचं पाणी सोडलं होतं. आमची काळी माती ओली झाली की चपलेसकट माणूस धरून ठेवते. सरांच्या पायांत नवे बूट होते. ते जीपपाशी थांबले. तिथेच, जीपच्या चाकाला लागून, देशी कपाशीच्या दोन ओळी होत्या. शाळेच्या सहली येतात तेव्हा पोरांना जुन्या वाणाची कपाशी दाखवायला त्या आम्ही दरवर्षी लावतो. मीच लावल्या होत्या. सरांनी हात लांबवून पहिलं हाती आलं ते बोंड तोडलं, अतुलकडून कापून घेतलं, अळी निघाली नाही म्हणून आणखी दोन-चार कापून घेतली, आणि अळी निघाल्यावर तळहातावर ठेवून हसरा चेहरा केला. फोटोत चेहरा येणार नव्हता, तरी केला.

संध्याकाळी गटात फोटो झळकला. तळहातावर बोंड, तर्जनीत ज्योतिषाने सांगितलेली पुष्कराजाची टपोरी अंगठी. खाली ओळ: "बीटीच्या बोंडात गुलाबी अळी. स्वतः शेतात उतरलो, स्वतःच्या हाताने बोंड फोडलं. संशोधक खुर्चीत घडत नाही." वंदन, वंदन, वंदन.

मला वाटलं होतं, नंतर तरी कुणी बीटीचं बोंड आणून देईल. मी फोटो मोठा करून पाहिला, तर तेच जीपजवळचं. बोंड लहान, टोकदार आणि तीन कप्प्यांचं. देशी कपाशीचं बोंड बहुधा असंच असतं. आमच्याकडच्या बीटीच्या बोंडाला चार-पाच कप्पे असतात. आणि देशी वाणात बीटी नसतंच! म्हणजे बीटी कोलमडलं हे सिद्ध करायला सरांनी असं बोंड दाखवलं होतं ज्याचा बीटीशी काडीचा संबंध नव्हता. सप्टेंबरमध्ये माझ्यावर ज्या चुकीचा आळ घेतला, तीच चूक त्यांनी जीपला टेकून केली होती. हजारो वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो फोटो पाहिला. प्राध्यापक, वाण तयार करणारे, कीटकांचे अभ्यासक. एकालाही तीन कप्पे मोजता आले नाहीत, किंवा आले आणि त्याला अमरावतीचा माणूस आठवला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. तिथे पाहुणे बसले होते. "सर, त्या फोटोबद्दल..." एवढंच म्हणाले, तर सरांनी पाहुण्यांकडे पाहून कौतुकाने मान हलवली. "आमच्या परिवाराचा नियम आहे. नसरीन, सांग बरं."

"कौतुक उघड, दुरुस्ती खासगीत."

"शाब्बास. खासगीत पाठव. मी पाहतो."

मी पाठवलं. स्वच्छ शब्दांत लिहिलं. सर, हे देशी बोंड आहे, ह्याला तीन कप्पे आहेत, ह्यातून काही सिद्ध होत नाही, कृपया माझा सप्टेंबरचा फोटो वापरा. सोबत फोटोही जोडला. तो निरोप आठवडाभर न उघडता पडून राहिला. महिना झाला, तरी तसाच. नियम मी पाळला होता. आता उरलेलं सरांनी पाहावं, असं म्हणून मी माझ्या कामाला लागले. खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटायला लागली होती.

फेब्रुवारीत नागपूरला सभागृह भरलं होतं. सरांनी नवा कोट शिवला होता. अतुल पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून गटासाठी थेट प्रक्षेपण करत होता. मी मागच्या बाजूला, दाराजवळ. सत्राच्या अध्यक्ष कर्नाटकातून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. कपाशीच्या वाणांवर त्यांनी उभा जन्म काढला होता, असं माझ्या शेजारचं कुणीतरी कुजबुजलं.

सर छान बोलले. बोलतातच. माझे आकडे त्यांच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, आपलंच ताट कुणीतरी आपल्यासमोर बसून जेवतोय. शेवटी तो फोटो आला. भिंतीएवढा हात, भिंतीएवढी अंगठी.

"हे बोंड मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बीटीच्या शेतात..." सर म्हणाले.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "जरा थांबा. ह्या बोंडाला तीनच कप्पे का?"

सर थांबले. वळून पडद्याकडे पाहिलं. मला खात्री आहे, त्यांनी ते बोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे देशी वाणाचं दिसतंय," बाई म्हणाल्या. "देशीत अळी सापडण्याचं विशेष काय? तुमचा सगळा निबंध बीटीवर आहे."

सभागृहात चुळबूळ झाली. सरांनी घसा खाकरला. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच मायाळू हसू आलं, फोनवरच्या आवाजातलं. पुढचं वाक्य मला आधीच कळलं.

"क्षमा असावी. छायाचित्र माझ्या विद्यार्थिनीने घेतलंय. नसरीन शेख. तिची निवड चुकली. नवीन आहे, शिकते आहे. मुलांकडून होतं असं."

निबंध वाचताना त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. घेतलं ते चुकीला मालक हवा होता तेव्हा. पहिलं नाव, पहिलं नाव म्हणून मी जीव टाकत होते, ते हे असं मिळालं. आता गप्प बसले असते तर देशी आणि बीटी न कळणारी मुलगी म्हणून सगळ्या देशातल्या कापसाच्या माणसांनी मला लक्षात ठेवलं असतं, आणि ते कॉलेज, ती जागा, सगळं संपलं असतं. मी उभी राहिले.

"मॅडम, मी नसरीन शेख. हा फोटो माझा नाही. त्यातला हातही माझा नाही."

लोकांनी पडद्यावरच्या अंगठीकडे पाहिलं. मग माईकच्या दांड्यावरच्या सरांच्या हाताकडे पाहिलं. तिथेही तीच अंगठी, तोच पुष्कराज. सरांनी हात कोटाच्या खिशात घातला, पण उशीर झाला होता. कुणीतरी फस्कन हसलं.

"नसरीन," सर हळूच म्हणाले, "दुरुस्ती खासगीत."

"खासगीतच पाठवली होती सर. तुम्ही ती अजून उघडली नाही. म्हणून आता उघड सांगते." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरू दिला नाही. "मॅडम, हे बोंड आमच्या केंद्रात जीप उभी राहते तिथलं आहे. देशी ओळीतलं. त्या ओळी मीच लावल्या आहेत, शाळेच्या पोरांसाठी. बीटीचं बोंड मी सप्टेंबरमध्ये फुलसावंगीत कापलं. तेव्हा ते कुणाला नको होतं."

"तुमचा फोटो आहे का इथे?"

होता. मोबाइलमध्ये होता. मी पुढे गेले, कुणीतरी वायर जोडून दिली. अंगठी गेली आणि भिंतीवर माझा तळवा आला. गडद मेंदी, चार कप्पे, दोन अळ्या, शेजारी गाव, वाण, तारीख. मी मग एकेक गावचे फोटो दाखवत गेले, आणि प्रश्न सरांना नाही, मला विचारले गेले. मला उत्तरं येत होती. येणारच, बोंडं मी कापली होती.

"हे काम कुणाचं म्हणून नोंदवू?" शेवटी बाईंनी विचारलं.

"नसरीन इकबाल शेख, यवतमाळ."

त्यांनी मला स्पेलिंग विचारून ते लिहून घेतलं. मग चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमचा निबंध ह्या स्वरूपात आम्हाला घेता येणार नाही." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः लिहून मला पाठवा. एकट्यानं. मार्गदर्शक बदलायचा असेल तर तेही कळवा."

अतुल बिचारा गोंधळून अजून मोबाइल उंच धरूनच उभा होता. सगळं थेट गेलं होतं. बाहेर आल्यावर अब्बांचा फोन आला. गॅरेजमधल्या सगळ्यांना जमवून त्यांनी ते पाहिलं होतं. घरी आम्ही हिंदीच बोलतो. "बेटा, माइक पे मेरा भी नाम लिया तूने," ते म्हणाले आणि नाक ओढलं. मग लगेच सावरून विचारलं, "और वो अंगूठीवाला कौन था?" मी म्हटलं, "गुरुजी थे, अब्बा." ते हसता हसता खोकायला लागले आणि मला तिथे, सभागृहाच्या जिन्यावर, इतक्या महिन्यांचं रडू आलं.

मला वाटलं होतं, आता गटात भूकंप होईल. हजारो माणसांनी पाहिलं असेल, निदान शेकडोंनी. यवतमाळच्या बसमध्ये बसल्यावर मी फेसबुक उघडलं. थेट प्रक्षेपणाखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं लिहिलेलं होतं. बाई तीन कप्पे विचारत होत्या तेव्हा "जबरदस्त सर". सर हात खिशात घालत होते तेव्हा "विदर्भाचा अभिमान". कुणी काही पाहिलंच नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे न उघडताच कौतुक केलं होतं.

आणि वर सरांची ताजी पोस्ट होती. फोटोत मी माईक धरून बोलते आहे, मागे सर हात बांधून तृप्त उभे. "मार्गदर्शनाचे फळ! माझी विद्यार्थिनी नसरीन हिने आज राष्ट्रीय मंचावर माझी दृष्टी पुढे नेली. शिष्याने गुरूपुढे जावे, ह्यातच गुरूचे सार्थक." माणसाला लाज नावाचा अवयवच नसला तर तो किती लांब जाऊ शकतो, हे त्या दिवशी कळलं.

मी त्याखाली माझा सप्टेंबरचा फोटो टाकला, मेंदीसकट. लिहिलं, "हे बोंड मी सप्टेंबरमध्ये ह्याच गटात दाखवलं होतं. गावंडे सरांनी ते काढून टाकायला लावलं. आज त्यांनी दाखवलेलं बोंड देशी कपाशीचं होतं आणि त्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं. ही दुरुस्ती आहे आणि ती मी उघड करते आहे." अतुल ते कधी पुसतो ह्याची वाट पाहत मी मोबाइल धरून बसले.

अतुलच्या आधी एक प्रतिक्रिया आली. कुणी अकोल्याचे प्राध्यापक होते, वनस्पतिशास्त्र विभागप्रमुख. त्यांनी माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, "अभिनंदन सर. असेच मार्गदर्शन करत राहा."